मतं मांडा, पण हंगामाआधी
आमदारांनी गावोगावची मतं सभागृहात मांडून काय होतं, असं काही जण विचारतात. बरंच होतं, वेळ साधली तर. आमच्या लातूरकडे सोयाबीन दसरा-दिवाळीत बाजारात येतं. २०२४-२५ चा हमीभाव होता ४८९२ रुपये क्विंटल, पण त्या भावाने सरकारी खरेदीत माल घालायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. परतीच्या पावसात भिजलेला माल कसा बसणार त्यात? केंद्राने मर्यादा १५ टक्के केली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. तोवर डोक्यावर देणी असलेल्या शेतकऱ्यांनी माल पडेल भावात घातला होता. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हे बोलून उशीर होतो. पावसाळी अधिवेशनातच तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, टाका. आणि हो, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं तेही गावात येऊन सांगा, लोक वाट बघतात.