एआय आल्यावर आपले काम कशामुळे टिकले? ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कपासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंत ‘आता पुढे काय’ हा एकच प्रश्न कँटीनमध्ये आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकू येतो. भाकिते पुष्कळ झाली. आपल्या कामात प्रत्यक्ष काय बदलले आणि आज आपल्याला कशासाठी विचारले जाते, एवढेच लिहावे. कंपनीचे नाव टाळावे, ही विनंती.

महापे, बिलिंग सॉफ्टवेअर

जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले, तेव्हा दरांचा तक्ता बदलण्याचे काम एआयने चहा थंड होण्याआत उरकले. आमचे बरेच ग्राहक वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारातले सुकामेव्याचे व्यापारी आहेत आणि बदाम-पिस्त्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता. मात्र जुन्या बिलावरचा माल नव्या दरांनंतर परत आला, तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची पावती, मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी, आणि नवा कोड दर उचलत होता तो परतीच्या तारखेचा. म्हणजे १२ टक्के कर भरून घेतलेल्या मालावर व्यापाऱ्याला ५ टक्केच कर परत मिळाला असता. कोडच्या चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, दिसत होत्या, कारण त्याही एआयनेच लिहिल्या होत्या. हे माझ्या लक्षात आले ते मुनीमजींच्या शेजारी बसून त्यांची महिनाअखेर पाहिली आहे म्हणून. मला आता कोड लिहायला क्वचितच बोलावतात; ‘यात काय राहिले’ हे सांगायला मात्र रोज बोलावतात.

ऐरोली, बँकिंग प्रणाली

आमच्याकडे अजून कोबॉल चालते. ही प्रोग्रामिंगची भाषा १९५९ सालची. शेकडो ओळींचा जुना प्रोग्राम काय करतो, हे एआय सोप्या शब्दांत उत्तम सांगते आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. व्याजाच्या हिशेबात एक विशिष्ट अट कोणी आणि का घातली, हे मात्र त्या कोडमध्ये कुठेच नसते. ते निवृत्त झालेल्या सहकाऱ्याला फोन करूनच कळते. अशी कारणे मी आता लिहून ठेवते. ती स्वतःच्या डोक्यात कोंडून आपली किंमत टिकवावी, असे सुचवणारे भेटतात. मला तो मार्ग पटत नाही, कारण रजेवर असतानाही फोन आपल्यालाच येतो.

ठाणे, टीम लीड

वेग वाढल्याचे दावे मोजून पाहावेत. मीटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये ओपन सोर्स, म्हणजे सर्वांसाठी खुल्या, सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रामरांकडून २४६ कामे करून घेतली; एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केले असे वाटत होते. गट लहान, साधने त्या वर्षाच्या सुरुवातीची, हे खरे. तरीही आमच्या टीममध्ये काम हाती घेतल्यापासून ते लाइव्ह जाईपर्यंतचा, म्हणजे ग्राहकांच्या वापरात येईपर्यंतचा, वेळ मोजायला लागल्यावर दिसले की कोड लवकर तयार होतो आणि रिव्ह्यूच्या, म्हणजे सहकाऱ्याने तपासण्याच्या, रांगेत पडून राहतो. दुसऱ्याचा कोड शांतपणे वाचणारी माणसे आमच्याकडे आता सर्वांत मोलाची आहेत.

घणसोली, पहिली नोकरी

वरच्या तिघांकडे अनुभव आहे, तो आम्ही कुठून आणायचा? ज्या किरकोळ दुरुस्त्यांवर नवखे शिकत असत, त्या आता एआय करते. मी एआयला विचारण्याआधी दोष कुठे असेल याचा स्वतःचा अंदाज वहीत लिहिते आणि मग पडताळते. वेळ जातो, लीड अधूनमधून कुरकुरतात.

कळवा, टेस्टर

कामाची जाण असली की नोकरी टिकते, हे सरसकट खरे नाही. माझ्याकडे ती होती, तरी आमची मॅन्युअल टेस्टिंगची, म्हणजे हाताने चाचण्या करणारी, टीम बंद झाली. सध्या मी औषध कंपन्यांच्या संगणक प्रणालींचे व्हॅलिडेशन करतो, म्हणजे त्या ठरल्याप्रमाणे चालतात हे तपासून नोंदवतो. तिथे इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचा १९९७ चा नियम लागू होतो आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनिक सही एका ठरावीक व्यक्तीचीच असावी लागते. चाचण्यांचा मसुदा एआय करते, पण चाचणी झाली आणि निकाल पाहिला असे लिहून सही माझी होते, आणि ऑडिटर प्रश्न मलाच विचारतो. पगार आधीपेक्षा कमी आहे, हेही नोंदवून ठेवतो.