तलाठ्याच्या खिशातलं सरकारी दप्तर

मृगबाग (यावल):
काल 'धुळेकर' यांनी लिहिलं, "सरकारी निरोपांना वेगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही पाहता येईल असं, मेसेंजर ही आयटीवाल्यांची हौस. खानदेशात व्हॉट्सॲपवर कामं होतायत, होऊ द्या." वाचून डोकं तापलं.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या वादळात माझी कापणीला आलेली केळीची अठराशे खोडं आडवी झाली. तलाठी बांधावर आले, पडलेल्या घडाजवळ मला उभं केलं, फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकले. महिन्याभरात त्यांची बदली झाली, फोनही बदलला. नवे म्हणाले, "माझ्याकडे काहीच आलं नाही." तोवर शेत नांगरून झालं होतं. पुरावा माझ्या नुकसानीचा, आणि होता एका माणसाच्या खिशात!

फ्रान्स सरकारने 2019 मध्ये मॅट्रिक्स या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे निरोप पाठवण्याच्या खुल्या नियमावलीवर, आपलं 'त्शाप' हे मेसेंजर सुरू केलं. जर्मन सैन्याचं मेसेंजरही त्याच पायावर आहे. सर्व्हर त्यांच्या ताब्यात. आपल्याला का जमू नये?

धुळेकर:
भाऊ, नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं. पण दोष बदलीच्या वेळी दप्तर न सोपवणाऱ्याचा आहे, व्हॉट्सॲपचा नाही. आणि त्शाप सुरू होताच ईमेल तपासणीतल्या चुकीमुळे बाहेरचा एक संशोधक आत शिरला होता, ते का लिहिलं नाही? मॅट्रिक्सवरचं एलिमेंट हे मेसेंजर तर मे 2023 मध्ये केंद्राने बंद केलेल्या 14 ॲपमध्ये होतं. केंद्र ज्यावर बंदी घालतं, ते तलाठ्याला द्यायचं?

सातपुडा_मास्तर:
तुम्ही सर्व्हर कोणाचा यावर भांडा. धडगावकडे आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. पिकाची नोंद करायच्या सरकारी ॲपवर बाप तीन दिवस टेकडीवर बसला. फोटो चढेना, चौथ्या दिवशी मुदत संपली. आणखी एक सरकारी ॲप नको.

गिरणाकाठ:
खरं शे मास्तर! माझ्या आईचा ओटीपी भावाच्या जुन्या नंबरवर जातो, तो नंबर बंद. सातबाऱ्यावर अजून मागच्या वर्षीची कपाशी दिसते, शेतात मका उभा आहे. खरेदी केंद्रावर म्हणतात, नोंद दाखवा.

सातपुडा_मास्तर:
आणि दुरुस्तीला गेलं की म्हणतात, "सर्व्हर डाऊन." हा शब्द आता आमच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालाय.

मृगबाग (यावल):
मास्तर, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते वाईट बांधलेल्या ॲपचं आहे. म्हणून आमचे आधार क्रमांक, बँक पासबुकं, बाधितांच्या याद्या कुठल्याही ग्रुपवर फिरू द्यायच्या? आमच्या गावच्या ग्रुपवर एका विधवा बाईचं पासबुक आठवडाभर पडून होतं. तुमच्या बहिणीचं असतं तर चाललं असतं का?

धुळेकर:
घरच्यांवर जाऊ नका.

सिस्टिम_चोपडा:
दोघांनी थोडं शांत व्हा. मृगबाग भाऊ, नुसतं ॲप बदलून तुमचे फोटो वाचले नसते. एंड-टू-एंड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येणाऱ्या, संदेशाची चावी फोनवरच असते. तिचा बॅकअप नसेल तर सर्व्हर आपला असूनही जुनं काही उघडत नाही. पंचनामा कार्यालयाच्या नोंदीत चढलाच पाहिजे, मेसेंजर फक्त निरोपाला.

पण धुळेकर, जुलै 2025 विसरलात? युरोपने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या शेजारच्या गुजरातेत रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीचं ईमेल बंद केलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आली. जिल्हा प्रशासनाचं असं झालं, तर ऐन पुरात तापीकाठी निरोप कसा द्यायचा? एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेचं 'संदेस' हे मेसेंजर आहे, पण साहेबच व्हॉट्सॲपवर आदेश टाकतात, मग खालचा माणूस काय करणार!

धुळेकर:
नायराचा मुद्दा मान्य, नाइलाजाने का होईना. पण उद्या सर्व्हर सरकारचा झाला आणि सरकारनेच आत डोकावलं, तर?

सिस्टिम_चोपडा:
म्हणूनच कोड खुला हवा, आणि तो बाहेरच्यांना तपासू द्यायला हवा. सर्व्हर मंत्रालयाच्या आवारात आहे एवढ्याने माझं समाधान होत नाही.

धुळेकर:
ठीक. पण तलाठ्याला आधी कार्यालयाचा फोन द्या. स्वतःच्या पैशाच्या फोनवर तो सरकार का वाहील?

मृगबाग (यावल):
हे मात्र बरोबर बोललात. माझ्या तलाठ्याचा फोनही त्याच्या घरचाच होता.