कोलनचा कॅन्सर टी३ एन०, पण नोड फक्त ९: ऑपरेशननंतर केमो द्यायची का?

गावचा_फॅमिली_डॉक्टर:
पेशंट ६६ वर्षांचे, १५ वर्षांचा मधुमेह, तळपायांना आधीपासून मुंग्या. सिग्मॉइड कोलनमधल्या गाठीने आतडं पूर्ण बंद झालं, म्हणून तातडीचं ऑपरेशन झालं. आज २४वा दिवस. रिपोर्ट: मॉडरेटली डिफरन्शिएटेड ॲडिनोकार्सिनोमा (आतड्याच्या अस्तराचा मध्यम ग्रेडचा कॅन्सर), पीटी३ (गाठ स्नायूच्या थरापलीकडे गेलेली), एन० (०/९, म्हणजे तपासलेल्या ९ लसिकाग्रंथींपैकी, नोडपैकी, एकातही कॅन्सर नाही), कापलेल्या कडा मोकळ्या, रक्त-लसिकावाहिन्यांत शिरकाव नाही. एमएमआर (डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची तपासणी) केलेलं नाही. सर्जन म्हणतात, नोडमध्ये काही नाही, केमोची गरज नाही. दुसरीकडे सहा महिने ऑक्सॅलिप्लॅटिन (केमोचं एक औषध) सांगितलंय. घरचे गोंधळलेत. कशाच्या आधारावर ठरवायचं?

पॅरॅफिन_ब्लॉक:
आधी रिपोर्ट पुरा करून घ्या, केमोचं नंतर. किमान १२ नोड तपासलेले असावेत. ०/९ म्हणजे 'नोड स्वच्छ आहेत' असं नाही, 'पुरेसे शोधले नाहीत किंवा काढले नाहीत' असंही असू शकतं. जार (काढलेलं आतडं ठेवलेली बरणी) अजून फेकला नसेल, तर मेसेंटरीची (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची) चरबी पुन्हा बारीक कापून बघायला सांगा. ३-४ मिलिमीटरचे नोड पहिल्या खेपेला हमखास सुटतात आणि नेमका त्यांच्यातही कॅन्सर सापडतो. एका जरी नोडमध्ये कॅन्सर सापडला की स्टेज २ची स्टेज ३ होते आणि सगळा हिशेबच बदलतो.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचारा. चरबीत नोडबाहेर ट्यूमर डिपॉझिट (कॅन्सरचे सुटे पुंजके) आहेत का? असतील तर सगळे नोड मोकळे असूनही तो एन१सी, म्हणजे स्टेज ३. आणि गाठ पेरिटोनियमच्या (आतड्यावरच्या बाहेरच्या पातळ आवरणाच्या) पृष्ठभागापर्यंत पोचली आहे का? पोचली असेल तर तो टी४ए. बंद पडून फुगलेल्या आतड्यात ही जागा चुकीची कापली गेली तर टी४ए टी३ म्हणून लिहिला जातो.

एमएमआरसाठी नवीन बायोप्सी लागत नाही. आहे त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ अशा चार प्रथिनांचं आयएचसी (रंग देऊन प्रथिन आहे का बघणं) होतं. हे स्टेज २मध्ये टाळू नये.

डे_केअर_ऑन्को:
वरच्याशी पूर्ण सहमत. एमएमआर इतकं महत्त्वाचं का, तर स्टेज २मध्ये एखादं प्रथिन गायब असेल (डीएमएमआर) तर गाठ पुन्हा होण्याची शक्यता मुळातच कमी असते आणि नुसत्या ५-एफयू (केमोचं औषध) किंवा त्याच जातीच्या कॅपेसिटाबिन गोळीचा फायदा दिसत नाही. अशा टी३ पेशंटला केमो देऊ नये. 'पुअरली डिफरन्शिएटेड' (पेशी फारच बिघडलेल्या) हा शेराही डीएमएमआरमध्ये धोक्याचा धरत नाहीत. एमएलएच१ गायब असेल तर बीआरएएफ व्ही६००ई (गाठीतला एक जनुकबदल) बघा. तो नसेल, किंवा एमएसएच२ गायब असेल, तर लिंच सिंड्रोमच्या (कॅन्सरचा आनुवंशिक धोका) दृष्टीने जनुकीय सल्ला हवा, कारण मग प्रश्न मुलांचा आणि भावंडांचाही होतो.

एमएमआर शाबूत असेल तर धोक्याच्या खुणा मोजा. सगळ्यांत वजनदार टी४. मग आतडं फुटणं, आतडं बंद पडणं, १२पेक्षा कमी नोड, रक्त-लसिकावाहिन्यांत किंवा नसांभोवती शिरकाव, पुअर डिफरन्शिएशन, ठळक ट्यूमर बडिंग (गाठीच्या टोकाला सुटलेल्या पेशींचे छोटे पुंजके), कापलेल्या कडेला गाठ. यातली एकही नसलेल्या टी३ला केमो नको.

घरच्यांना आकडा सांगा. ब्रिटनच्या क्वासार चाचणीत (२००७) स्टेज २मध्ये केमोमुळे जगण्यातला फरक १००मागे साडेतीनच्या आसपास होता. स्टेज ३ची गोष्ट वेगळी, तिथे केमो हाच नियम. आयडिया अभ्यासाप्रमाणे (२०१८) टी१-३ एन१ला (१ ते ३ नोडमध्ये कॅन्सर) कॅपॉक्सचे (कॅपेसिटाबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन) तीन महिने पुरतात. टी४ किंवा एन२ला (४ किंवा जास्त नोड) सहा महिन्यांचा विचार करतात.

गावचा_फॅमिली_डॉक्टर:
अपडेट. जार होता. आणखी ५ नोड सापडले, आता ०/१४. डिपॉझिट नाहीत, पीटी३च. चारही प्रथिनं शाबूत. म्हणजे उरली ती एकच खूण, ऑब्स्ट्रक्शन (आतडं बंद पडणं). ऑक्सॅलिप्लॅटिन द्यावं का? आणि रक्तातली सीटीडीएनए (गाठीतून रक्तात आलेला डीएनए) तपासणी?

डे_केअर_ऑन्को:
ऑक्सॅलिप्लॅटिन नको, असं माझं स्पष्ट मत. स्टेज २मध्ये ते जोडल्याने आयुर्मान वाढल्याचं मोझॅक चाचणीत दिसलं नाही. आयडियामध्ये सहा महिने घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना लक्षणीय न्यूरोपथी (नसांना इजा) झाली, तीन महिन्यांत साधारण सहात एकाला. यांच्या पायांना आधीच मुंग्या आहेत. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, ही अवस्था कायमची राहू शकते.

उरले दोन रास्त मार्ग: सहा महिने नुसती कॅपेसिटाबिन, किंवा केमोविना काटेकोर फॉलोअप. सीटीडीएनएचा खरा उपयोग इथेच. ऑस्ट्रेलियाच्या डायनॅमिक चाचणीत (२०२२) ऑपरेशननंतर ४थ्या आणि ७व्या आठवड्याच्या रक्तावरून केमो ठरवली. केमो २८ टक्क्यांऐवजी १५ टक्के जणांनाच द्यावी लागली आणि दोन वर्षांनी पुन्हा गाठ होण्यात वाढ दिसली नाही. मात्र त्यासाठी ब्लॉकचं सिक्वेन्सिंग (गाठीच्या डीएनएचं वाचन) लागतं, खर्च मोठा, शिवाय निगेटिव्ह म्हणजे धोका शून्य नव्हे. परवडत नसेल तर त्यासाठी कर्ज काढायला लावू नका.

ठरवायचं ते ६ ते ८ आठवड्यांच्या आत. उशीर होत जातो तसा फायदा झिजतो.

गोळ्यांचा_हिशेब:
कॅपेसिटाबिन ठरली तर: छापील मात्रा दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी, अशी ८ आवर्तनं. या वयात बरेच जण १०००ने सुरू करतात. शरीराचं क्षेत्रफळ १.६ असेल तर १०००प्रमाणे ५००च्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री, जेवणानंतर अर्ध्या तासात. मधुमेह आहे, म्हणून आधी क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) काढाच: ३०-५० असेल तर मात्रा पाऊण, ३०च्या खाली देऊच नये. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) धोकादायक चढतो. डीपीवायडी (हे औषध शरीरात मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक) तपासणी होत असेल तर आधीच करा. जनुकाची एक प्रत सदोष असल्यास निम्म्या मात्रेने सुरुवात.

घरी एक गोष्ट पक्की सांगा: नेहमीपेक्षा चार किंवा जास्त जुलाब, तोंडात खाता येणार नाही असे फोड, ताप, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच वेळी गोळ्या थांबवून फोन करायचा. 'कोर्स पुरा करायचा' म्हणून पुढची गोळी घेतली जाते आणि तिथेच जीवावर बेततं.

पॅरॅफिन_ब्लॉक:
एक राहिलं. आतडं बंद होतं, म्हणजे गाठीच्या वरचा भाग कोलोनोस्कोपीत कुणी पाहिलेलाच नाही. केमो देवोत न देवोत, ३ ते ६ महिन्यांत पूर्ण कोलोनोस्कोपी हवी. तातडीच्या ऑपरेशनआधी छातीचा सीटी आणि सीईए (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) राहून गेले असतील तर तेही याच आठवड्यात करून घ्या.