घोड्याची पाखर आणि मायेची पाखर

खडपावरून
युरोपातल्या मध्ययुगीन सरदारांवरचं मुलांचं एक पुस्तक मराठीत आणते आहे. एका पानावर लोखंडात मढवलेला स्वार आहे आणि त्याचा घोडाही तसाच मढवलेला: कपाळावर पत्रा, छातीवर पत्रा, मानेवर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढलेल्या पट्ट्या. स्वारासाठी मी 'चिलखत' लिहिलं, घोड्यासाठी 'पाखर'. संपादकांनी पाखर खोडून समासात लिहिलं, "पाखर मायेची असते. घोड्याचं चिलखत असं करा." मी देवगडची. आजोबा युद्धकांड सांगायला बसले की 'हत्तीघोड्यांवर पाखरा घातल्या' हे वाक्य हमखास यायचं, आणि आम्ही पोरं चटईवरच घोडे व्हायचो. हा शब्द आता कुणालाच कळणार नाही का? पुस्तक पुढच्या आठवड्यात छापायला जातंय.

पोफळबाग
ताई, तुमचा शब्द बावनकशी आहे. घोड्याच्या, हत्तीच्या चिलखताला संस्कृतात 'प्रक्षर', 'प्रखर' म्हणत, त्यातून पाखर आली. हिंदीतही पाखर आहे. चिलखत माणसाचं आणि पाखर जनावराची, अशी सोय भाषेनं केलेली असताना एकाच शब्दावर का भागवायचं?

नळेवाला कुडाळ
पोफळबागकाका, घोड्याचं राहूदे, मायेची पाखर सरळ पाखापासून आली. पाख म्हणजे पंख. आमच्याकडे घराच्या छपराच्या उतारालाही पाखं म्हणतात. दर मे महिन्यात मी नळे, म्हणजे कौलं, परततो, तेव्हा कोपऱ्यातल्या घरमालकीणबाई म्हणतात, "पुढलां पाखां आदी कर रे, पावस थयसून येता." आढ्यावरून खाली पाहिलं तर दोन्ही पाखी घरावर पसरलेली दिसतात, पिलांवर बसलेल्या कोंबडीसारखी. मायेची पाखर म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तेच येतं. लोखंडी पत्र्यात माया कुठून येणार?

पोफळबाग
का नाही येणार? घोड्यावर पाखर घालणारा मोतद्दार त्याला जपतच होता. 'पाखर घालणे' हे क्रियापद बघा. पंख आपण पसरतो. घालतो ती अंगावरची वस्तू, झूल किंवा खोगीर.

नळेवाला कुडाळ
पांघरूणही घालतोच की! आणि कोंबडी काय झूल घालते?

स्वभाषा रत्नागिरी
मूळ प्रश्नावर येऊ. मुळात चिलखत तरी का? चिलखत, बख्तर, जिरेटोप, सगळी फारसीची वाट. 'कवच' हा सुंदर शब्द घरात असताना बाहेरून आणायचं कारण काय? महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रवर्ग वेगळा आहे, तो उगाच नव्हे. आणि सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली ती आमच्या रत्नागिरीतून. मुलांच्या पुस्तकात तरी ही काळजी घ्यायला हवी.

बुरूजवाट
दादा, आदर ठेवून विरोध करतो. फारसीत 'जिरह' म्हणजे कड्यांत कड्या गुंतवून केलेलं जाळीदार चिलखत. तसला टोप तो जिरेटोप. तो शब्द काढून तुम्ही काय घालणार? १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. ज्या वस्तूनं राजा वाचला, तिचं नाव परकं कसं? राजगडच्या संजीवनी माचीवर चिलखती बुरूज आहेत: बुरुजाला बाहेरून आणखी एक भिंत, आणि दोन भिंतींच्या मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. मी त्या वाटेतून दोन्ही खांदे घासत गेलोय. आपण चिलखताच्या आत आहोत हे अंगालाच कळतं. 'कवची बुरूज' म्हणून बघा, जीभ अडखळते.

तुळशीवृंदावन
कवच आणि चिलखत एक नव्हेतच. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावला की रामरक्षा व्हायची, 'वज्रपंजरनामेदं यो रामकवचं स्मरेत्'. ते कवच शब्दांचं. कर्णाचं जन्मासोबत आलेलं, म्हणून तर त्याला ते अंगावरून सोलून द्यावं लागलं. चिलखत रात्री काढून खुंटीला टांगता येतं. अंगाबरोबर वाढतं ते कवच.

वेंगुर्ल्याचो
वहिनी, कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, कवच अंगाबरोबर वाढत नाही हो! वाढत नाही म्हणूनच ती ते टाकते. मी लहानपणी खडपात पाहिलंय. पाठीचं कवच मागच्या बाजूनं उचललं जातं आणि कुर्ली उलट्या पावलांनी बाहेर येते, डेंगे सोडवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बाहेर आली की भिजल्या कागदासारखी मऊ. मग दगडाच्या फटीत दडून बसते. मागे उरतं ते अख्खं, पायांसकट, डोळ्यांच्या खोबणीसकट. मी जिवंत समजून काठीनं ढोसलं तर पोकळ निघालं. वडील म्हणाले, "आता तिका गावता नये कोणाक, तिच्याकडे काय्येक नाय."

तुळशीवृंदावन
हे वाचून अंगावर काटा आला. मग 'वर्म' घ्या. संस्कृतात वर्म म्हणजेच चिलखत, वर्मा आडनावातलं तेच. आणि मराठीत 'वर्मी घाव बसला' म्हणजे जिथे चिलखत नाही नेमकं तिथे! अर्थ असा उलटा झाला कसा?

पोफळबाग
उलटा नाही झाला, तो शब्दच वेगळा. 'मर्म'चं वर्म झालं. संतांच्या ओव्यांत वर्म म्हणजे गुह्य, नेमकी खूण.

बुरूजवाट
मला पटत नाही. चिलखत सांध्यातच उघडं पडतं: काखेत, गुडघ्यामागे, गळ्याशी. बाण तिथेच मारायचा. चिलखताचं वर्म शोधता शोधता शब्द भोकावर जाऊन बसला असेल.

पोफळबाग
असेल, असेल म्हणून व्युत्पत्ती होत नाही. 'चिलखत' शब्दावर तर काहीजण म्हणतात, फारसी 'चिहल' म्हणजे चाळीस, म्हणून चाळीस घड्यांचा अंगरखा. उद्या चाळीसगावातही चिलखतं विणाल.

बुरूजवाट
काका, रागावू नका. घडीचे, कापूस भरलेले जाड अंगरखे लढाईत वापरत होतेच.

खडपावरून
भांडू नका, मला तुमच्या सगळ्यांच्या ओळी हव्या आहेत. पुस्तकात आणखी एक चित्र आहे: सरदाराचा पोरगा कड्यांचं चिलखत वाळूसह पिंपात घालून लोळवतो आहे, गंज निघावा म्हणून. ते पाहताना आमच्या खिडकीचे गज आठवले. खारं वारं दोन पावसाळ्यांत त्यांची सालं काढतं. आमच्या किनाऱ्यावर लोखंड अंगावर वागवणाऱ्या माणसाला रोज किती घासावं लागत असेल! चित्राखाली 'गंज काढणे' लिहिलं आहे, पण आई म्हणते 'तांब चढली' म्हणावं. हा शब्द कुणाकडे आहे?

नळेवाला कुडाळ
तांब आमच्याकडेही. कोयतीला तांब येते. आणि ताई, 'पाखर' खोडू नका. चित्राखाली 'पाखर' एवढंच छापा, मुलं घोडा बघून समजतील. पण मला एक सांगा, पाखाडी पाखातूनच ना?

स्वभाषा रत्नागिरी
पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तिचा पंखाशी काय संबंध?

नळेवाला कुडाळ
आमच्या पाखाडीला दोन्ही बाजूंनी उतार आहे, मधे उंच. छपरासारखी. पावसाचं पाणी दोन्हीकडे निघून जातं. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.