मदत हवी आहे: सायकलवरून कोकण, मुक्कामाचे पैसे कोणी घेत नाही, काय करावं?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आठ-नऊ दिवस रजा टाकून श्रीवर्धन ते राजापूर सायकलनं जायचं म्हणतोय. बागमांडल्याला फेरीबोटीनं सावित्री ओलांडून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णे. दाभोळ-धोपावे ही दुसरी फेरी, गुहागरनंतर तवसाळ-जयगड ही तिसरी. पुढे आरे-वारे, रत्नागिरी, पावस. तिथून किनारा सोडून राजापूर, पाचल करत अणुस्कुरा घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये दोन-तीन दिवस.

रस्त्याचं फारसं विचारायचं नाही. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता ही आम्हा घाटावरच्यांची समजूत गेल्या वर्षीच उतरली. खाडीशी खाली जायचं, पूल ओलांडला की परत सड्यावर (वरच्या उघड्या पठारावर) चढायचं, असं दिवसातून चार वेळा. वर सावलीला झाड नाही, खाली जांभा तापलेला. निम्मे चढ सायकल ढकलत चढलो. (वय ४३ आहे, लाज वाटत नाही.)

अडचण वेगळीच आहे. गेल्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत अंधार पडला. पाणी मागायला एका घराच्या खळ्यात (अंगणात) शिरलो, तर तिथल्या आजींनी आधी सायकल आत घ्यायला लावली आणि मग पाणी दिलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, पडवीत घोंगडी. रात्री मुंबईतल्या मुलाच्या गोष्टी. गणपतीला येतो, शिमग्याला येईलच असं नाही. सकाळी पैसे पुढे केले तर त्या हातसुद्धा पुढे करीनात. म्हणून निघताना पाचशेची नोट गुपचूप चहाच्या डब्याखाली सरकवली आणि मनात खूश होऊन निघालो.

तासाभरानं चढावर सायकल ढकलत होतो, मागून एसटी आली आणि चक्क थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून तीच नोट माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘म्हातारीनं दिलीय. पोरगा इसारला म्हणाली.’

विसरलो म्हणे! इतक्या सभ्यपणे माझं तोंड आजवर कोणी बंद केलं नव्हतं. यंदा परत त्यांच्याकडे जायचंय. काय न्यावं? आणि वर धनगरवाड्यावर न कळवता गेलेलं चालतं का?

– ढकलसायकल

प्रतिसाद, सड्यावरची:
नोट डब्याखाली ठेवलीत हेच चुकलं. घरात पाहुणा येऊन गेल्यावर नोट सापडली की आम्हाला वाटतं, आपण खानावळ काढली की काय! विकायची वस्तू असेल तिथे मात्र बिनधास्त पैसे द्या. आमसुलं, कुळीथ, आगळ (कोकमाचा घट्ट रस), ओल्या काजूचे दिवस असतील तर तेही. सांगतील तो भाव द्यायचा, घासाघीस करायची नाही. घरच्यांचा मानही राहतो आणि त्यांना चार पैसेही मिळतात. आजींसाठी चहा पावडर, साखर आणि चांगली बॅटरी न्या. पायथ्याला पावसात वीज गेली की कधी येईल नेम नसतो. फोटो काढलेत का? काढले असतील तर कागदावर छापून न्या. ‘पाठवतो’ म्हणून गेलेल्यांचे फोटो आमच्याकडे अजून यायचेत.

प्रतिसाद, वेंगुर्लेकर:
आमच्याकडे सिंधुदुर्गातही हेच. ‘वायच च्या घेवन जा’ (थोडा चहा घेऊन जा) म्हटलं की बसायचं. नाही म्हटलंत तर वाईट वाटतं आणि बसलात तर अर्धा दिवस गेला. तेव्हा रोजचं अंतर पन्नास किलोमीटरच्या वर ठेवूच नका. मुक्कामाचं म्हणाल तर दिवस असताना वाडीत पोचायचं आणि गावकर (गावचे मानकरी) किंवा पोलीस पाटलांना विचारायचं. देवळात झोपायचं तर आधी परवानगी, प्रत्येक देवस्थानचे नियम वेगळे. आणि घरात एकट्या बाईमाणूस असतील तर अंगणातूनच नमस्कार करून पुढे. तुमच्या आजींनी आत घेतलं तो त्यांचा मोठेपणा, तो दरवेळी गृहीत धरू नका.

प्रतिसाद, जुना पाना:
धनगरवाड्यावर दुपारी गेलात तर माणसं भेटतीलच असं नाही, गुरांमागे रानात असतात. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीच्या आधी. खालच्या वाडीतलं कोणी सोबत घ्या, वाट चुकणार नाही आणि ओळखही होईल. सायकल खाली ठेवा, पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) ती खांद्यावर वाहण्यात काय मजा? बाकी, खाऱ्या वाऱ्यानं चेन दोन दिवसांत लाल होते, रोज रात्री पुसून तेल. ब्रेकपॅडची एक जोडी जास्त. मागचं दातेरी चक्र बदलून जास्त दात्यांचं टाकून घ्या, मग ढकलणं निम्म्यावर येईल.

ढकलसायकल:
सगळ्यांचे आभार. फोटो काढला होता, आजी आणि दाराशी टेकवलेली सायकल. पाठवतो म्हणालो होतो. उद्याच छापून घेतो. चक्राचंही बघतो.

अजून एक. एसटीच्या त्या ड्रायव्हरला मी घाईत साधं धन्यवादही म्हटलं नाही. राजापूर-अणुस्कुरा फेरीवर दरवर्षी तेच ड्रायव्हर असतात का, कोणाला माहीत आहे?