स्वीडिशमध्ये 'प्लीज' कसं म्हणायचं?

प्रश्न: नोकरीसाठी स्टॉकहोमला जातोय. शब्दकोशात 'प्लीज'साठी 'स्नेल्ला' दिलंय. कॅफेत, ऑफिसात तेच चालेल का?

उत्तर १: नको. 'स्नेल्ला'त गयावया आहे, मुलं आईकडे हट्ट करताना म्हणतात तसं. कॅफेत 'एन काफ्फे, तक्क' पुरे. 'तक्क' म्हणजे आभार, पण मागणीच्या शेवटी आला की तोच प्लीजचं काम करतो.

उत्तर २: सहकाऱ्याकडून काम हवं असेल तर 'स्कुल्ले दू कुन्ना...' म्हणजे 'करू शकशील का' अशी सुरुवात करा. साहेबांनाही 'दू'च, म्हणजे 'तू'च म्हणायचं. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तीच रीत पडली. आपल्या जिभेला जड जातं, पण आदरार्थी 'नी' अनेकांना तुटक वाटतं.

उत्तर ३: फलकांवर 'वेनलिगेन', म्हणजे 'कृपया', दिसेल. ते लेखीच ठेवा, बोलताना फार सरकारी वाटतं.