मदत हवी आहे: वाचनाचं प्रशिक्षण वर्गात उतरवायला शिक्षकांना सोबत कशी करावी? (जत, सांगली)

नमस्कार मंडळी,

मी जत तालुक्यात पहिली-दुसरीच्या शिक्षकांबरोबर वाचनावर काम करते. शिक्षक मेहनती आहेत, निपुण भारतची (लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीची केंद्र सरकारची मोहीम) प्रशिक्षणंही झाली आहेत. तरी वर्गात गेलं की बाराखडीचा सामूहिक गजरच ऐकू येतो.

परवा दुसरीचा अख्खा वर्ग खणखणीत आवाजात ‘म मा मि मी’ म्हणत होता. एका मुलीला जवळ बोलावून मी फळ्यावरच्या ‘मि’वर बोट ठेवलं. तिनं ‘म’पासून सुरुवात केली आणि म्हणत म्हणत ‘मि’वर येऊन थांबली. क्रम पाठ होता, चिन्ह ओळखीचं नव्हतं. पुढे ‘दिवस’ तिनं ‘दवस’ वाचला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, हे कुणी उलगडून दाखवल्याशिवाय मुलांना कळणार कसं?

दुसरीकडे सीमेलगतच्या गावांतली, घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. त्यातली काही धडाधड वाचतात, पण गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलं होतं की समजून वाचणं म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. त्या मुलीला वेलांटीचा सराव हवा. या मुलांना गप्पा, गोष्टी, नवे शब्द हवेत. हा फरक शिक्षकांना स्वतःच्या वर्गात दिसावा, एवढीच माझी धडपड आहे.

अडचण अशी, की मागे जाऊन बसलं की ती तपासणीच वाटते. तास संपला की पहिला प्रश्न, “मॅडम, शेरा काय लिहिणार?” वीस-वीस वर्षं शिकवलेल्या गुरुजींना चार मुलांसमोर सुधारणं मला पटत नाही. म्हणून हल्ली मी वही उघडतच नाही. थोडा वेळ मीच शिकवते आणि गुरुजींना एकाच मुलाकडे बघायला सांगते. नंतर विचारते, “तो कुठे अडला?” मग बोलणं त्या मुलाबद्दल होतं, गुरुजींबद्दल नाही. याचा खूप फरक पडलाय.

पण मी निघाले की पुन्हा गजर. त्यातही दोनशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र. गुरुजी एकाचं वाचन ऐकत असताना बाकीच्यांनी करायचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा: दोन भेटींच्या मधल्या काळात शिक्षकांना एकच काय करायला सांगता? पुढच्या भेटीत त्यातलं काय बघता? आणि शिक्षकांना स्वतःला कन्नड येत नसेल तर मुलांच्या घरच्या भाषेचा आधार कसा घेता? साताऱ्यातल्या पाटण किंवा माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर शिकवणाऱ्यांनी अशा जोडवर्गाबद्दल जरूर लिहा. पुढच्या शिक्षण परिषदेत (परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत) मला तासभर मिळणार आहे, त्याआधी कळलं तर तिथेच करून बघता येईल.